तोडलेलं वाक्य

माझा बाप रोसेंदो म्हणायचा,
लांडग्याकडे अख्खं वाक्य असतं:
बघणं, दबणं, धावणं, धरणं, मारणं, खाणं.
माणसाने ते चुलीपाशी बसून तोडलं
आणि कुत्र्यांना वाटून दिलं,
कुणाला मान, कुणाला मांडी.

फ्लोरच्या वाट्याला आलं बघणं.
पोट गवताला टेकलेलं, पुढचा एक पाय उचललेला
आणि खाली ठेवायचा राहून गेलेला.
चारशे मेंढ्या तिच्या दोन डोळ्यांत मावायच्या.
पातागोनियाचा वारा असा, की तारेला अडकलेली लोकर
दिवसभर आडवी फडफडायची.
तिची नजर हलायची नाही.

रेलाम्पागोला, त्या शिडशिडीत गाल्गोला, धावणं.
थांबलेला ससा त्याच्या लेखी दगड.
ससा उठला की हा गेलाच.
मग नावाने ओरडा, शिट्ट्या मारा,
कान घरीच ठेवून गेल्यासारखा.
एरवी हाडांची घडी घालून चुलीपाशी पडलेला.

पुल्गा बुटाएवढी. तिला नुसता शेवट दिलेला.
लोकर कातरायच्या छपरात एका दुपारी अकरा उंदीर,
प्रत्येकाला एक झटका, की पुढचा.
राग नाही, भूक नाही,
मटार सोलावेत तसं.

आणि ओसो.
दोन आठवड्यांचा होता तेव्हा त्याला कोकरांत सोडला.
त्याला वाटायचं, आपणही लोकरीचेच.
वाटणीत त्याला काहीच मिळालं नाही.
पण प्यूमा आला त्या रात्री
तो उठून मध्ये उभा राहिला
आणि उजाडेपर्यंत एकच शब्द म्हणत राहिला:
नाही.
सकाळी डावा कान नव्हता.
गावातले म्हणाले, जातच हिंस्र.
मी त्याला ओली कोकरं चाटून कोरडी करताना पाहिलंय.

ऑक्टोबरात एका रात्री तीन कोकरं मेली.
दोन्या एलुनेदने मोजली, परत मोजली,
मग काही न बोलता फ्लोरचा जबडा धरून
कंदिलाकडे वळवला.
कुणीही शिकवलं नव्हतं तिला पुढचं.
कितीतरी पिढ्यांनी गाळलेलं
तिला एका रात्रीत आठवलं होतं.

त्या मुलखात याला एकच उत्तर.
बापाने ते खुंटीवरून काढलं.
फ्लोर पळाली नाही.
ती दबली, पाय उचलला,
आणि कळपाकडे बघायची तशी त्याच्याकडे बघत राहिली.
बाप जागच्या जागी थिजला.
मेंढ्या थिजतात तसा.

त्याचा हात मला ओळखीचा होता.
भावाच्या कानापर्यंत येऊन तो हवेत थांबायचा,
थरथरायचा,
मग स्वतःचीच टोपी नीट करायचा.
त्यातला पुढचा तुकडा कुणी तोडला होता,
आजोबांनी, आईने,
की तोच रोज नव्याने तोडायचा, कुणास ठाऊक.
त्या दिवशी मात्र टोपी वाऱ्याने आधीच नेली होती.

बार झाला. पुल्गासुद्धा भुंकली नाही.
ओसो दोन दिवस त्या तीन कोकरांपाशी बसला होता,
वर घिरट्या घालणाऱ्या पाखरांना
तोच शब्द ऐकवत.
बाप तिकडे फिरकला नाही.
जेवायला बोलावलं तर म्हणायचा, तारेचं काम राहिलंय.

आता मी कोमोदोरोत राहते, तिसऱ्या मजल्यावर.
खालच्या सेन्योरा इरिबार्नेंनी
फ्लोरच्याच जातीचं पिल्लू आणलंय,
गळ्यात निळा पट्टा, आठवड्याला आंघोळ.
त्याने अजून मेंढी पाहिलेली नाही.
कपडे धुवायचं यंत्र सुरू झालं
की ते काचेसमोर पोट टेकून दबतं,
एक पाय उचलतं.
आत पांढरी चादर गोल गोल फिरत असते.

पिशवी हातात धरून मी जिन्यात थांबते.
सेन्योरा हसतात, म्हणतात, बघा, कसं गुणी आहे.
हो म्हणते मी. फार गुणी आहे.
आणि यंत्र थांबेपर्यंत
तिथून हलत नाही.